ढोलीतली पावती

माणसाच्या पोटात कशाने दुखेल याचा नेम नाही. शेजारणीच्या साडीने दुखते, तिच्या पोरीला आलेल्या स्थळाने दुखते, तिच्या परसातल्या वांग्यांना दोन फळे जास्त लागली तरी दुखते. पण शेजाऱ्याच्या पगारातून सरकार पैसे कापून नेते आणि आपल्या नवऱ्याच्या पगारातून का नेत नाही, म्हणून वर्षभर जळलेली बाई माझ्या ऐकण्यात एकच. चिखल्याच्या खाण कॉलनीतली मंदाबाई.

गोष्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराची. मंदाबाईचा नवरा टेकचंद खाणीवर वाइंडिंग इंजिन चालवायचा. माणसांचा पिंजरा जमिनीच्या पोटात सोडायचा आणि पाळी संपली की वर ओढून घ्यायचा, हे त्याचे काम. भिंतीला भिंत लागून घनश्यामचे क्वार्टर. घनश्याम स्टोअरकीपर; नटबोल्ट मोजून द्यायचे आणि वहीत सही घ्यायची. दोघांची श्रेणी एक, पगार एक, बोनस एक. दिवाळीला कंपनीने दिलेली चादरसुद्धा एकाच रंगाची.

फरक एवढाच, की टाइम ऑफिसच्या बाहेर जो काळा फळा होता त्यावर मागच्या फेब्रुवारीत घनश्यामचे नाव लागले आणि टेकचंदचे लागले नाही.

तो फळा म्हणजे ज्यांच्या पगारातून इनकम टॅक्स कापायचा त्यांची यादी. वरती मॅनेजर, इंजिनियर, डॉक्टर अशी साहेबांची नावे आणि त्याखाली, शेवटी, घनश्याम. साहेबांच्या पंगतीत बसलेले ते नाव कॉलनीने येताजाता वाचले. इनकम टॅक्स ही काय चीज आहे हे कोणाला धड ठाऊक नव्हते, पण ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडूनच सरकार घेते, एवढे शहाणपण सगळ्यांना होते. घनश्यामला लोक ‘टॅक्सवाले’ म्हणू लागले.

मंदाबाईने त्याच दिवशी टेकचंदला जेवताना धरले.

“पगार सारखा, तं त्याइचा टॅक्स कटते अन् तुमचा काहून कटत नाही?”

“माहा विमा हाये. विम्याची पावती लावली का सूट भेटते. त्याचा विमा नाही, म्हणून त्याचा कटते.”

“अन् त्याइनं विमा काहून नाही काढला?”

“मले काय माहीत? मी का त्याचा मामा हावो?” टेकचंद म्हणाला आणि भातावर वरण मागू लागला.

नवऱ्याचे हे सरळ उत्तर मंदाबाईला पटले नाही. ज्याला विम्याची गरज नाही तोच विमा काढत नाही, असा तिने हिशेब लावला. म्हणजे पैसा उतू चालला असणार. आणि मग तिला चंद्रकांताच्या, म्हणजे घनश्यामच्या बायकोच्या, प्रत्येक गोष्टीत तो पैसा दिसू लागला. फळ्याचा विषय निघाला की चंद्रकांता मान खाली घालायची. मंदाबाई म्हणायची, पाहा, गर्व कसा गिळून राहिली. घनश्याम सायकल सोडून कंपनीच्या ट्रकने कामाला जाऊ लागला. मंदाबाई म्हणायची, पाहा ऐट. नळावरून पाणी आणायचे तर चंद्रकांता एकटी डोक्यावर दोन दोन हंडे चढवून आणायची, लाकडेही तीच फोडायची आणि घनश्याम अंगणात खुर्ची टाकून बसलेला असायचा. इकडे टेकचंद पाळी संपवून यायचा, अंगावरची बनियन तशीच, आणि खांद्यावर हंडा घेऊन शीळ घालत नळावरून निघायचा. कॉलनीभर दिसेल असा. मंदाबाईला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

“हमाल हा का तुमी?” ती चिडून म्हणायची. “बाजूचा पाहा, कसा साहेबासारखा बसते!”

“त्याले बसू दे. मले का खुर्ची चावते?” टेकचंद हंडा उतरवून हसायचा.

यंदाच्या संक्रांतीला तर कहर झाला. मॅनेजरच्या बंगल्यावर हळदीकुंकू होते. मॅनेजरीणबाई नागपूरच्या, बोलायला गोड. बायका सतरंजीवर बसल्या होत्या. चंद्रकांता आत आली तशी बाई म्हणाल्या, “अहो, तुमच्या मिस्टरांचं नाव आमच्यांच्या यादीत असतं ना? या, इकडे वर बसा.” आणि तिला सोफ्यावर आपल्या शेजारी बसवले. चंद्रकांता नको नको म्हणत होती. मंदाबाई सतरंजीवरून ते नको-नको बघत होती आणि हातातला तिळगूळ तिच्या मुठीत चेपला जात होता. चपला शोधून ती सगळ्यांच्या आधी घरी निघाली. तिला रडू येत होते आणि रडायला कारण सांगता येत नव्हते.

फेब्रुवारी लागताच टाइम ऑफिसचा कारकून यादोराव ऑफिसच्या पायरीवर खुर्ची टाकून बसला. वर्षातून एकदा त्याला असा भाव यायचा. पाळी सुटलेली माणसे त्याच्याभोवती जमायची. ज्यांचे नाव त्यांच्या पगारात फळ्यावर लागायची शक्यता नव्हती, तेही प्रश्न विचारून घ्यायचे.

“यादोराव, बोनस पगारात धरते का?”

“धरते.”

“माहं पाच एकर धानाचं वावर हाये बपेऱ्याले. ते सांगा लागते?”

“शेतीवर हा टॅक्स नाही. घरी खाय ना सुखानं.”

“माहा बैल मेला औंदा. ते वजा होते काय?”

“बैल तुहा मेला, सरकारचा नाही मेला.” सगळे हसले. यादोराव बोटावर मोजत म्हणाला, “ऐकून घ्या. प्रॉव्हिडंट फंड आमी इथंच धरतो. विम्याचा हप्ता, पोस्टाची सर्टिफिकेटं, याच्या पावत्या वीस तारखेच्या आत माह्या हातात पायजे. पंधरा हजाराच्या वर जो उरला, त्याचं नाव फळ्यावर. मंग माह्यापाशी रडाचं नाही.” आणि टेकचंदकडे बघून म्हणाला, “तुहा यंदा काठावर हाये, टेकचंद. पावती आण, नाही तं एकशे ब्याऐंशी रुपये गेले समज.”

मंदाबाई दुकानातून गूळ घेऊन चालली होती. तिने ते ऐकले आणि तिथेच उभी राहिली. साहेबांच्या पंगतीत बसायला आपल्या आड काय येते, तर एक कागद.

पावती ट्रंकेत होती. घरी येऊन तिने ती काढली, चौघडी केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि धान साठवायच्या ढोलीत कोपरापर्यंत हात खुपसून खाली सोडून दिली. शेणाने लिंपलेली ती उंच ढोली माहेरहून आली होती आणि मंदाबाईशिवाय तिच्यात कोणी हात घालत नसे. एकशे ब्याऐंशी रुपयांचे तिला वाईट वाटले. तेवढ्यात दोन साड्या आणि पोरांचे कपडे झाले असते. पण सोफा आठवला आणि तिने ढोलीचे झाकण लावून टाकले.

टेकचंदने घर उलथेपालथे केले. ट्रंक झटकली, देवाच्या फोटोंच्या मागे पाहिले, पोरांच्या पुस्तकांची पाने पाने उलटली. मंदाबाईही त्याच्याबरोबर शोधत होती. एकदा तर पलंगाखाली शिरून डोक्याला टेंगूळ आणले. मग तो तुमसरला गेला, विम्याचा एजंट परसराम याच्याकडे. परसराम कुठे लग्नाला गेलेला. दोन दिवसांनी पुन्हा गेला. दुसरी पावती नागपूरहून यायला महिना लागेल, असे ऐकून तोंड पाडून परत आला. अंगणात हात टेकून बसला. चंद्रकांता तिच्या दारातून ते बघत होती. मंदाबाईला वाटले, बघ, चांगली बघ. आता आमचेही नाव लागते.

आणि लागले. तेवीस तारखेला फळ्यावर खडूने घनश्यामच्या खाली ‘टेकचंद’ लिहिलेले होते.

मंदाबाईने त्या दिवशी ठेवणीतले लुगडे नेसून नळ गाठला. शकुनबाई, जिच्या तोंडाला कॉलनीत कुलूप नव्हते, ती लांबूनच ओरडली, “काय वो मंदाबाई, टॅक्सवाल्या झाल्या! पेढे कुठं हायेत?”

“कायचे पेढे? सरकार लुटून राहिलं आमाले,” मंदाबाई म्हणाली. हे वाक्य तिने सकाळपासून चार वेळा मनात म्हणून पाहिले होते. टेकचंद पाणी न्यायला आला तर तिने डोळ्यांनीच त्याला माघारी धाडले. टॅक्स भरणारा माणूस कधी हंडा वाहतो का?

दुपारी दोन्ही नवरे कामावर आणि पोरे शाळेत असताना चंद्रकांता आली. पदराखाली वाटी. आत आल्याबरोबर तिने दाराची कडी लावली. मंदाबाई सावरून बसली. जळत आली असेल, तिला वाटले. आणि पाट पुढे सरकवताना तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिने तोंड चुलीकडे फिरवले.

“मंदाबाई,” चंद्रकांता हळूच म्हणाली, “तुमच्याही याइचं छातीचंच निघालं काय?”

“कायचं?”

“मले सांगा वो. मी कोणापाशी बोलत नाही. दोनदा तुमसरले गेले, तोंड उतरवून आले, मी पायलं ना. हप्ता चुकला असन, पालिसी बंद पडली असन. मंग विमावाले पुन्हा डॉक्टरपाशी नेतेत. तीन सालाआधी तुमचे त्या डॉक्टरपाशी गेले होते ना? तुमचे पास झाले, म्हणून मागच्या साली आमचेही गुपचूप गेले. आमच्याइच्या छातीले त्या डॉक्टरनं नळी लावली, अन् काढली, अन् पुन्हा लावली.” तिने डोळ्यांना पदर लावला. “लहानपणीच्या तापात काळजाची झडप खराब झाली म्हणे. याइचा विमा होत नाही म्हणे, कोणीच करनार नाही. जड उचलाचं नाही, सायकल चालवाची नाही. कोणाले सांगितलं नाही आमी. नोकरी गेली तं चार जीव घेऊन कुठं जाऊ?”

खुर्ची, ट्रक, डोक्यावरचे दोन हंडे, सगळे मंदाबाईपुढे एकेक करून आले आणि गेले.

“मागच्या साली त्या फळ्यावर नाव लागलं,” चंद्रकांता म्हणत होती, “अन् लोक मले म्हणतेत, मोठे झाले बाई तुमी! मले वाटे त्या फळ्यावर डोकं आपटावं. त्या बंगल्यावर सोफ्यावर बसवलं तं मले तुमची सतरंजी दिसे. तुमच्या दारी परसरामची लुना उभी राहे ना, तं मी आतून पायत राहो. नवऱ्याच्या मागं हिच्या लेकरायले काहीतरी हाये, माह्या लेकरायले काही नाही. लय जळलो मी तुमच्यावर, मंदाबाई. खोटं नाही सांगत.” ती पाटावर पुढे सरकली. “अन् आज तुमचं नाव पायलं तं मले बरं वाटलं. पाप लागन मले. पण वाटलं, आता मी एकटी नाही.”

तिने वाटी पुढे केली. त्यात आवळ्याचा मुरंबा होता. काळजाला चांगला असतो, रोज एक द्या, असे तिने सांगितले. मीठ कमी घाला, राग येऊ देऊ नका, पाणी मी आणून देईन तुमचे दोन हंडे, असेही सांगितले.

गप्प राहिले असते तर निभले असते. मंदाबाईच्या ते मनात आले नाही असे नाही. पण हो म्हणायचे म्हणजे आपल्या धडधाकट नवऱ्याच्या छातीत आपल्याच तोंडाने रोग घालायचा. आणि समोर ही बाई मुरंबा घेऊन बसलेली. मंदाबाई उठली, ढोलीचे झाकण काढले, धानात हात घातला आणि पिशवी काढून चंद्रकांताच्या मांडीवर ठेवली.

चंद्रकांताने पावती उलगडली. तारीख वाचली, रक्कम वाचली, टेकचंदचे नाव वाचले.

“हे तं जानेवारीची हाये,” ती म्हणाली. “तुमच्या याइले काही झालं नाही?”

“नाही.”

“मंग कायले लपवली?”

मंदाबाईला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. “तुमच्या बाजूनं नाव लागावं म्हणून,” ती कशीबशी म्हणाली.

कागदाला चिकटलेला धानाचा कोंडा चंद्रकांताने बोटाने हळूहळू झाडला, ज्या घड्या होत्या त्याच घड्यांवर पावती दुमडली आणि मंदाबाईच्या हातात दिली.

“यादोरावले आजच नेऊन द्या,” ती म्हणाली. “असा कागद धानात ठेवतेत काय? उंदरं लागतेत.”

कडी काढून ती निघून गेली. वाटी तिथेच राहिली.

यादोरावाने तिला दहा शब्द सुनावले, पण पावती घेतली. संध्याकाळी त्याने ओल्या फडक्याने फळ्यावरचे शेवटचे नाव पुसले. शेवटी पुन्हा घनश्याम एकटा राहिला. पावती ढोलीत सापडली ऐकून टेकचंद कपाळाला हात लावून हसला, एकशे ब्याऐंशी रुपये वाचले म्हणून आणखी हसला, आणि बनियनवरच हंडा उचलून नळावर गेला.

मंदाबाई दारात उभी होती. तो खांद्यावर भरला हंडा घेऊन शीळ घालत येत होता. शेजारच्या अंगणात घनश्याम खुर्चीवर बसलेला आणि त्याच्या मागे चौकट धरून चंद्रकांता उभी. ती टेकचंदकडे बघत होती. त्याच्या खांद्याकडे, छातीकडे, हंडा पेलून चाललेल्या पायांकडे. ती नजर मंदाबाईला ओळखायला वेळ लागला नाही. वर्षभर तीच तिच्या स्वतःच्या डोळ्यांत होती.

मंदाबाई धावत पुढे गेली आणि नवऱ्याच्या खांद्यावरच्या हंड्याला हात घातला.

“आना इकडे,” ती म्हणाली. “मी नेतो.”

“काहून? मले का झालं?”

“काही नाही झालं तुमाले,” मंदाबाई म्हणाली. “शीळ नोका घालू. घरात चाला.”