बाटलीवरची रेघ

आमच्या ह्यांनी उभा जन्म लोकांच्या घरचे नळ दुरुस्त केले, आणि स्वतःच्या छातीत पू साठला तरी ताकास तूर लागू दिली नाही. "खोकला आहे, जाईल," म्हणाले. शेवटी श्वास पुरेना, तेव्हा शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं. न्यूमोनियामुळे फुप्फुसाभोवती पाणी साठलंय आणि त्याचा पू झालाय. नुसत्या इंजेक्शनांनी भागणार नव्हतं. म्हणून बरगड्यांमधून नळी घालून तिचं दुसरं टोक खाली बाटलीत सोडलं. थोडं बाहेर आलं आणि थांबलं. आत पू घट्ट होऊन त्याचे कप्पे झाले होते. ते मोकळे करणारं औषध नळीतूनच सोडायचं ठरलं.

"आणि तरी नाही आलं तर?" मी विचारलं.

"तर ऑपरेशन. दुर्बिणीने आत जाऊन साफ करायचं. पण काकू, त्यांचं हृदय अशक्त आहे. भूल झेपेलच असं मी सांगू शकत नाही."

आज औषधाचा शेवटचा डोस होता. सिस्टरने तो सोडला, औषध आत मुरावं म्हणून नळीवरचा तोटीसारखा छोटा कॉक बंद केला, तासाभराने उघडला आणि बाटलीवर पेनाने रेघ मारून गेली. पू रेघेच्या जरा वर चढला. माझा जीव भांड्यात पडला. मग जो थांबला तो थांबलाच.

संध्याकाळी बाई आल्या, बाटली पाहिली आणि "उद्या सकाळी ऑपरेशनला घेऊ" म्हणून निघाल्या. मला भीती वाटली की राग येतो. ह्यांनाच मनात चार शिव्या हासडत मी पांघरूण सारखं करायला गेले, तर आत ह्यांचा उजवा हात कुशीशी, बोटं कॉकवर. कॉक बंद!

"अहो, हे काय केलंत?"

तापात डोळेही न उघडता म्हणाले, "गळत होतं गं. बंद केलं."

मी सिस्टरला अशी हाक मारली की अख्खा वॉर्ड उठून बसला. तिने कॉक फिरवला. पिवळा पू आधी थेंब थेंब आला, मग धार लागली. बाई अर्ध्या जिन्यातून परत फिरल्या. बाटलीकडे बघत राहिल्या.

"येऊ दे सगळं. सकाळी एक्स-रे काढू, मगच ठरवू."

ह्यांचा हात पुन्हा चाचपडायला लागला. "अगं, गळतंय..."

"गळू द्या!" मी ओरडले आणि तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरून रडायला लागले. त्यांनी चिडून हात ओढून पाहिला. अंगात अजून जोर होता.