मुठीतली सुपारी

सकाळपासून बयनाबाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा उतू गेला, पुरण करपता करपता राहिलं. भीमपूरच्या त्यांच्या नव्या स्लॅबच्या घरी मंचेरियलचे पाहुणे यायचे होते, महिपतचं लग्न पक्कं करायला.

महिपत, तिचा एकुलता लेक, मस्कतला होता. आमच्याकडे मुलगा विमानात बसला की त्याचा हुंडा दुप्पट होतो. तो तिथं काय खातो, हे विचारायची मात्र पद्धत नाही. तिचे यजमान उद्धवराव यांनी मोटारीला टेकलेल्या लेकाचा मोठा फोटो ओसरीवर लावला होता. मोटार मालकाची होती. महिपत ती धुवायचा.

हे तिला गेल्या सुट्टीत कळलं. अख्खी बाज मोकळी असून लेक दुपारचा कडेला अंग चोरून झोपला होता.

"असा काऊन झोपतं, बापू?"

"सवय झाली, माय. एका खोलीत दहा जणं राह्यतो."

मग सगळंच बाहेर आलं. खोलीभाडं, खानावळ, एजंटाचा हप्ता, आणि उरेल ते घरी. महिनाअखेरीला चहा-ब्रेडवर भागवायचं. "बाबाले सांगू नको," तो म्हणाला, "त्याईची मान खाली जाईन."

पाहुणे आले. मुलीचे वडील विठ्ठलराव नुकतेच कोळसा खाणीतून निवृत्त झाले होते. "आता आमचा जिल्हा तुमच्यापासून येगळा झाला," ते हसले, "पोरगी परजिल्ह्यात देऊन राह्यलो. फंडाची सारी रक्कम तुमाले देतो. जावई फॉरेनात, मंग चारुलताले कायची कमी?"

उद्धवरावांच्या डोळ्यांपुढे दुसरा मजला उभा राहिला. चारचौघांत सुपारी फुटली की दिलेला शब्द फिरत नाही. त्यांनी आत हाक मारली, "तबक आण वं."

बयनाबाईनं तबक आणलं. हळदकुंकू होतं, खोबरं होतं.

"सुपारी कुठी हाय?"

"माह्या मुठीत." तिनं मूठ उघडली नाही. "माह्या लेकाची हकीगत आयका, मंग मागा."

आणि तिनं सगळं सांगितलं, मोटारीपासून ब्रेडपर्यंत. उद्धवराव ओरडले, "गावात तोंड कसं दाखवू मी?"

"त्यानं तिथं उपाशी राहून तुमचं तोंड राखलं. त्यावर पुन्हा या माणसाची म्हातारपणची भाकर घेता? मी नाही घेऊ देत."

विठ्ठलराव उठताना म्हणाले, "पैसा नाही देत, बाई. पण पोरगा आला का घरी धाडा. चारुलता बोलंन त्याच्यासंग."

संध्याकाळी तिनं लेकाला फोन लावला. "या महिन्यात पैसे धाडू नको. पोटभर जेव."

तिकडून त्यानं विचारलं, "बाबाले समजलं काय?"

"समजलं."

"काय करून राह्यले?"

तिनं ओसरीकडे पाहिलं. उद्धवराव भिंतीवरचा फोटो उतरवून मांडीवर घेऊन बसले होते.

"तुहा फोटो पाहून राह्यले," ती म्हणाली. "पोरगा लय वाळला म्हणतात."