भाता कुठे वळवायचा

दासगावच्या रामाचा अ‍ॅकॉर्डियन महाड-पोलादपुरात बहुतेकांनी ऐकलेला होता. दुसऱ्या गायन पार्ट्या पेटीवर गायच्या, रामाची पार्टी अ‍ॅकॉर्डियनवर. आणि तोही बटणांचा. उजव्या हाताला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत, बटणांच्या तीन रांगा. डाव्या हाताला खर्जाची बटणं आणि मधे भाता. भाता ओढा की दाबा, बटण तेच असेल तर सूर तोच. मुंबईला माझगावात बदली कामगार असताना एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाकडून त्याने तो घेतला होता. शिकवायला कुणी नव्हतं. सा कुठे आहे हे शोधायलाच त्याचे आठ दिवस गेले. पुढे महाडच्या कारखान्यात नोकरी लागली, तो गावी परतला, आणि चाळीस वर्षं लग्नात, जयंतीला, बारशाला उभ्याने वाजवत राहिला.

मग उजवा खांदा धरला. सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यात शेकून झालं, गोळ्या झाल्या, महाडच्या डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलं. अ‍ॅकॉर्डियनचं वजन दहा किलोच्या घरात. रामाने तो पेटाऱ्यात ठेवला, वर चादर टाकली आणि दोन महिने त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही.

त्याची मुलगी दीक्षा पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीतल्या शाळेत शिक्षिका होती. पोलादपुरात खोली घेऊन राहायची, शनिवारी घरी यायची. लहानपणी बापाच्या मांडीला मांडी लावून ती बोटं फिरवायला शिकली होती. शाळेत परिपाठाला वाद्य नव्हतं, म्हणून तिने विचारलं की मी नेऊ का. रामा म्हणाला, "ने. पडून राहिला तर भाता फाटंल." एवढंच म्हणाला, पण एस.टी.त पेटारा चढवायला खांद्याची पर्वा न करता स्वतः गेला.

दीक्षाला शाळेत एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळली. मुलं गाताना मधेच अडखळत होती, आणि दर वेळी त्याच जागी. तिला वाटलं मुलांचं पाठांतर कच्चं आहे. एक दिवस तिने मोबाईल खिडकीत ठेवून सगळं रेकॉर्ड केलं आणि संध्याकाळी खोलीवर ऐकलं. मुलं बरोबर होती, अडखळत होती ती स्वतः. भाता पूर्ण उघडून ताणला की मगच ती तो वळवायची, म्हणजे ओढणं थांबवून दाबायला लागायची, आणि तो क्षण बरोबर एखाद्या शब्दाच्या पोटात यायचा. सूर तुटायचा, त्याच्या पाठोपाठ मुलं तुटायची. भाता असा वळवायला ती शिकली होती रामाकडून.

त्या दिवसापासून ती रोज अर्धा तास एकच ओळ घेऊन बसायला लागली. ओळ आधी नुसती म्हणायची, श्वास कुठे येतो ते वहीत खूण करून ठेवायचं, आणि भाता त्या खुणेवरच वळवायचा, मग तो अर्धाच उघडलेला असला तरी. सुरुवातीला हात ऐकेना. वळवायच्या आधी डावा हात पट्ट्यात सैल हलायचा आणि तेवढ्यात वेळ जायचा. म्हणून तिने मनगटावरचा पट्टा दोन घरं आवळला. मग लक्षात आलं की खांद्यावरचे पट्टेही सैल आहेत, अ‍ॅकॉर्डियन पोटावर झोके घेतो आणि त्याला आवरण्यातच उजव्या हाताची निम्मी ताकद जाते. डावा पट्टा उजव्यापेक्षा थोडा आखूड केला, आणि दोन्ही पट्टे पाठीवर एकत्र धरायला दप्तराचा जुना बंद शिवून घेतला. वाद्य अंगाला चिकटलं आणि बोटं मोकळी झाली. बटण दाबायला जोर लागत नाही, बोट टेकवलं तरी पुरतं, हे तिला तेव्हा कळलं.

शेवटचा शोध अंगठ्याचा. डाव्या अंगठ्याखाली हवेचं एक बटण असतं. ते दाबून भाता हलवला तर आवाज न होता हवा आत येते, बाहेर जाते. रामा ते बटण फक्त कार्यक्रम संपल्यावर भाता मिटायला वापरायचा. दीक्षा गाणं सुरू होण्याआधी ते दाबून भाता हळूच हवा तेवढा उघडायला लागली. पहिल्या सुराला मग पुरेसा श्वास असायचा.

दिवाळीच्या सुट्टीत ती अ‍ॅकॉर्डियन घेऊन घरी आली तेव्हा हे सगळं कुणाला सांगू असं तिला झालं होतं. तिने बापालाच सांगितलं. पाठीवरचा बंद दाखवला, पट्टे दाखवले, आणि सरळ मनाने म्हणाली की आबा, तुमचा खांदा या सैल पट्ट्यांमुळेच गेला असणार.

रामाच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. "चाळीस वर्सं वाजवतोय मी," तो म्हणाला. "माणसं रडवलीत, नाचवलीत. तवा कुणाला पट्टा सैल दिसला नाय."

तिने वाद घातला नाही. जानेवारीत पोलादपूरला शाळांची समूहगीत स्पर्धा होती, आणि तिच्यासोबत शिकवणाऱ्या श्रुतिका बाईंनी सावित्री नदीवर गाणं लिहिलं होतं. तिने चाल म्हणून दाखवली आणि तुम्ही एकदा वाजवून दाखवा, असं बापाला म्हटलं. रामाने ईर्ष्येने अ‍ॅकॉर्डियन खांद्यावर चढवला आणि वाजवला. दीक्षा गायली, मोबाईल चालू होता. नंतर तिने ते ऐकवलं. 'डोंगरमाथा सोडून आली, सावित्री ही दरीत न्हाली' या ओळीत 'सावि' आणि 'त्री' यांच्यामधे भाता वळला होता. नदीच्या नावाचे दोन तुकडे झाले होते.

"मोबाईलचा आवाज खराब हाय," असं म्हणून रामा उठला आणि अंगणात जाऊन बसला. त्याची बायको गीताबाई चुलीपाशी होती. तिने एवढंच विचारलं की मोबाईल खराब आहे तर मग पोरीचं गाणं त्यात चांगलं कसं आलं. सुट्टी संपेपर्यंत अ‍ॅकॉर्डियनचा विषय घरात निघाला नाही, पण दीक्षा सराव करायची तेव्हा रामा भिंतीपलीकडे काहीतरी काम काढून तिथेच रेंगाळायचा.

स्पर्धेच्या दिवशी तो जाणार नव्हता. सकाळी गीताबाईने त्याचा इस्त्रीचा शर्ट बाहेर काढून ठेवला आणि ती स्वतः साडी नेसून तयार झाली. मग तोही निघाला.

पोलादपूरच्या सभागृहात मागच्या रांगेत त्याला नात्याचे हैबती भेटले. हैबती भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि एके काळी दोघांच्या पार्ट्या सामन्यात एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या. त्यांची नात एका शाळेकडून गाणार होती. दोघे शेजारी बसले. बहुतेक शाळांनी पेटी आणली होती, दोनतीन शाळांनी मोबाईलवरचा ट्रॅक लावला. बारावा नंबर दीक्षाच्या शाळेचा. अठरा मुलं रांगेत उभी राहिली आणि त्यांच्या बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून, दीक्षा. पेटीवाले मान खाली घालून बसत होते. ही मुलांच्या डोळ्यांत बघत होती.

रामाने पहिल्यांदा तिच्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. भाता आवाज न करता वीतभर उघडला, आणि दीक्षाने स्वतः श्वास घेतला तेव्हा समोर अठरा छात्या फुगल्या. गाणं सुरू झालं. रामाला आता ऐकता येईना, तो मोजत होता. भाता कुठे वळतो ते बघत होता. ओळ संपली, मुलांनी श्वास घेतला, भाता वळला. पुन्हा ओळ, पुन्हा श्वास, पुन्हा वळण. सावित्रीची ओळ जवळ आली तेव्हा त्याने मांडीवरची मूठ आवळली. भाता अजून अर्धाही उघडला नव्हता, तरी दीक्षाने 'आली' वर तो वळवला, आणि 'सावित्री' हा शब्द एका श्वासात, सबंध, डोंगरावरून उतरल्यासारखा सभागृहभर पसरला.

रामाची मूठ सुटली. त्याला एकाएकी आपले सगळे कार्यक्रम आठवले, आणि त्या प्रत्येकात तुटलेले शब्दही आठवले. शब्द तुटला की गाणारे त्याच्याकडे वळून बघायचे आणि तो त्यांना ताल सांभाळा म्हणायचा. वाईट वाटायला हवं होतं. पण छातीत जे भरून आलं होतं ते वाईट वाटणं नव्हतं. त्याने बायकोकडे बघितलं. गीताबाई ताठ बसून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होती.

"तुझी पोर ना ती?" हैबतींनी विचारलं. "बरी तयार केलीस. हात तुझाच हाय."

हो म्हणणं सोपं होतं, आणि हैबतींकडून अशी कबुली रामाला चाळीस वर्षांत मिळाली नव्हती.

"नाय हैबती," तो म्हणाला. "माझ्याकडं ती माझ्या चुका शिकली. त्या एकेक करून तिनं स्वतः काढल्या. मला चाळीस वर्सांत दिसल्या नव्हत्या, तिला चार महिन्यांत दिसल्या."

हैबतींनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली.

शाळेचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर मोठ्या शाळेला मिळाला आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण ती मुलंही झकास गायली होती. पण परीक्षक बाईंनी निकाल सांगताना मुद्दाम उल्लेख केला की या शाळेचा एकही शब्द तुटला नाही. बाहेर व्हरांड्यात दीक्षा बापाला दिसली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडी भीती होती. रामाने पेटारा तिच्या हातातून घेऊन खाली ठेवला आणि म्हणाला, "दीक्षा गो, येत्या शनवारी मला पहिल्यापासून दाखव. सावकाश दाखव. म्हातारी बोटं हायत."

त्या शनिवारपासून तो शिकायला बसला. बसूनच वाजवायचं, भात्याचं वजन डाव्या मांडीवर घ्यायचं, हे दीक्षाने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. खांदा कुरकुरला, पण पूर्वीसारखा धरला नाही. जुनी सवय मात्र चिवट. ओळ चांगली रंगात आली की हात भाता थेट शेवटपर्यंत ओढायचाच. दीक्षा थांबवायची, तो पुन्हा सुरू करायचा. एकदा एकाच ओळीला तिने त्याला सतरा वेळा थांबवलं. गीताबाई म्हणाली की शाळेतल्या पोरांशी तू इतकी कडक नसशील. रामाच म्हणाला, असू दे.

मार्चमध्ये पंचायत समितीच्या शिक्षण विभागाने दीक्षाला विचारलं की तालुक्यातल्या शिक्षकांसाठी एक दिवसाचा वर्ग घ्याल का. पेटी असो वा अ‍ॅकॉर्डियन, मुलांच्या गाण्याला साथ कशी करायची यावर. बावीस शिक्षक आले. रामाही आला, शेवटच्या बाकावर बसला. दीक्षा फळ्याजवळ उभी राहून भाता आणि श्वास यांचा संबंध समजावत होती. लोक मान डोलवत होते, पण त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की नेमकं काय चुकतं ते त्यांना कळलेलं नाही. ती स्वतः चुकीचं वाजवायला गेली तर तिला धड चुकताही येईना.

मागून रामा उठला. "बाई," तो सगळ्यांसमोर मुलीला म्हणाला, "चुकीचं मी वाजवून दाखवतो. त्यात माझ्याएवढा अनुभव हितं कुणाला नाय."

वर्गात हशा पिकला. रामाही हसला आणि पुढे येऊन खुर्चीवर बसला. दीक्षाने वाद्य त्याच्या मांडीवर ठेवलं. ती गायली आणि त्याने सावित्रीचं गाणं आपल्या जुन्या पद्धतीने वाजवलं, भाता ताणून ताणून, आणि बावीस जणांनी नदीचं नाव मधोमध तुटताना ऐकलं. तीनचार जणांच्या तोंडून एकदमच 'अच्छा' निघालं.

"आता दुसऱ्या पद्धतीने, आबा," दीक्षा म्हणाली.

रामाने अंगठ्याने हवा भरून घेतली, समोरच्या माणसांकडे बघत स्वतः श्वास घेतला आणि वाजवायला लागला. बाजूला उभी राहून दीक्षा गात होती. ओळ संपल्यावर तिने जुन्या गाणाऱ्यांसारखं बापाकडे वळून बघितलं नाही, तिला बघावं लागलं नाही. आणि ते रामाच्या लक्षात आलं.