बिनधाग्याच्या ओळी

समताच्या टेबलाशेजारी एक स्टूल असे, आणि सकाळचं शेडनेटातलं, जाळीच्या मांडवातलं, काम उरकून, हातपाय धुऊन, पुंजाजी रोज दुपारी त्यावर येऊन बसे. त्याला वाचता येत नव्हतं, पण तो काळा पडदा पाहत बसायला त्याला बरं वाटायचं. काळ्या रानात रोपं लावावीत तशा लेकीनं लिहिलेल्या ओळी त्यावर उभ्या असत, कुठे हिरव्या, कुठे पिवळ्या, आणि डाव्या अंगाला प्रत्येक ओळीचा नंबर. अक्षर कळलं नाही तरी रांग कळतेच, आणि रांगेत खाडा पडला की शेतकऱ्याच्या डोळ्याला तो आधी दिसतो. म्हणून पहिला खाडा समताला नाही, पुंजाजीला दिसला.

"बाई, इथं काल दोन पिवळ्या ओळी होत्या ना?"

समतानं डोळे चोळले. "होत्या, बाबा. मीच लिहिल्या होत्या."

"मंग उपटल्या कोनं?"

"तेच तर पाहून राह्यली."

साखरखेर्ड्याच्या शिवेवरचं त्यांचं घर दोन खोल्यांचं होतं. दोन वर्षांपूर्वी समताची आई पंचफुला वारली, तेव्हा समतानं पुण्याच्या कंपनीला विनवून घरूनच काम करायची परवानगी मिळवली होती. आता कंपनीनं नवा लॅपटॉप पाठवला, आणि ज्यात ती प्रोग्राम लिहायची तो एडिटर तिला पहिल्यापासून बसवावा लागला. अक्षराचा आकार, रंग, बोटांना सवयीची बटणं, आणि हाताखालच्या माणसांसारखी लहानमोठी कामं करणारी चाळीसेक एक्स्टेन्शनं. सगळं जागच्या जागी बसलं, आणि त्या दिवसापासून सेव्ह केलं की कुठल्यातरी ओळी नाहीशा व्हायला लागल्या. ती लिही, त्या जात. ती परत लिही, दुसऱ्या जात. असे आठ दिवस झाले. तिचं काम पुण्याला पोचेपर्यंत अर्धवट होई, आणि तिच्या साहेबांनी फोनवर शांतपणे सांगितलं होतं की शुक्रवारपर्यंत नीट झालं नाही तर तिनं पुण्यालाच येऊन ऑफिसात बसावं. ती गेली म्हणजे या घरात एकच माणूस उरणार होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही त्यावर बोलत नव्हती.

मंगळवारी दुपारी तिनं बोट पडद्यावर ठेवून त्याला समजावलं. तिला कोणाला तरी सांगायचं होतं, आणि ऐकायला तोच होता.

"हे फिक्कं दिसून राह्यलं ना, याचं नाव लिहून ठेवलेलं हाये, पन साऱ्या फाईलीत याले कोनीच बोलवत नाही. मंग एडिटर समजते, याचं इथं काही काम नाही. पहिले फिक्कं करते, अन् सेव्ह केलं का काढून टाकते. साफसफाई म्हनून मीच ते चालू केलं होतं. आता बंद केलं, तरी चालूच हाये. अन् कामाच्या ओळी बी फिक्क्या पडून राह्यल्या."

पुंजाजीची नजर दाराकडे गेली. याचं इथं काही काम नाही. अकरा महिन्यांपूर्वी याच दारात उभं राहून त्यानं आपल्या थोरल्या लेकाला, संघर्षला, अगदी हेच म्हटलं होतं. शेडनेट मोडून रोडवर गॅरेज टाकायचं पोराच्या डोक्यात होतं. शब्दाला शब्द लागला, आणि बाप बोलून गेला, "तुझं इथं काही काम नाही." संघर्ष तसाच पिशवी घेऊन सुरतेला गेला. पहिले काही महिने त्याचा रविवारी समताला फोन यायचा. मग येईनासा झाला. इकडूनही कोणी लावला नाही. बाप म्हणे, त्यानं करावा. लेक काय म्हणत होता, ते कळायला मार्ग नव्हता.

"हे तर आपल्या क्रॉसिंगसारखंच झालं," पुंजाजी मग हळूच म्हणाला.

शेडनेटात मिरचीचं बियाणं व्हायचं. सकाळी बायका एकेका फुलाला हातानं पराग लावत आणि लावलेल्या फुलाच्या देठाला लाल लोकरीचा धागा बांधत. पुढं फळं धरली की धागा असलेलं फळ ठेवायचं आणि बिनधाग्याचं खुडून टाकायचं, मग ते कितीही टपोरं असो. चांगलं की वाईट, हे तिथं कोणी विचारत नाही. धागा आहे का, तेवढंच बघायचं.

"अन् ठिबक चोंदलं का आपन काय करतो?" तो म्हणाला. "अर्ध्या नळ्या बंद करतो. बिघाड या अर्ध्यात का त्या अर्ध्यात ते पाहतो. मंग त्याचे अर्धे."

समता त्याच्याकडे बघत राहिली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. "आता तुमालेच पाठवते पुण्याले."

"स्टूल देतीन का तिथं?"

तिनं निम्मी एक्स्टेन्शनं बंद केली. ओळी गेल्या. ती चालू करून दुसरी निम्मी बंद केली. तरी गेल्या. मग तिनं सगळीच काढली, रंग काढले, बटणं काढली, सेटिंगची पूर्ण फाईल बाजूला ठेवली आणि एडिटर कोरा करकरीत उघडला. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं, रंग म्हणून कुठे नाही. तिनं सेव्ह केलं. तीन ओळी आधी फिक्या झाल्या आणि मग नव्हत्या.

"आता याच्यात काहीच नाही, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज थकून सपाट झाला होता. "अर्धं करायले काही उरलंच नाही."

पुंजाजी उठून आतल्या खोलीत पाणी प्यायला गेला. तिथल्या भिंतीवर बुद्धाच्या मूर्तीखाली चौघांचा फोटो होता. त्या खोलीला खिडकी नव्हती, भिंतीवर कधी ऊन येत नसे. फोटोत पंचफुलाची साडी होती तशी जांभळी होती, समताच्या रिबिनी लाल होत्या, फक्त संघर्षचा चेहरा उन्हात राहिलेल्या कापडासारखा विटला होता. पुंजाजीनं बोट ओलं करून काच पुसली. काच स्वच्छच होती.

त्यानं समताला बोलावलं. तिनं येऊन पाहिलं.

"जुना झाला फोटो," ती म्हणाली आणि परत गेली.

बुधवारी तिला उपाय सापडला. ओळीच्या डोक्यावर एक ठरलेली खूण लिहिली की एडिटर त्या ओळीला हात लावत नव्हता. पण सगळ्यांवर एकदम खूण मारली तर सेव्ह करताना खुणाच पुसून जात. एकेक ओळ मनात आणून, तिचं काम काय ते आठवून, हातानंच खूण लिहावी लागे.

"म्हनजे धागाच," पुंजाजी म्हणाला.

"हाव. धागाच."

मग दोन दिवस ती धागे बांधत बसली. पुंजाजी चहा करून आणी, तो निवून जाई. ती पुटपुटत असे, हे लागते, हे बी लागते, हे कशाचं बरं. जे आठवलं नाही त्याच्या डोक्यावर खूण पडत नव्हती. शेडनेटात भर उन्हात बायका दमल्या की त्यांची बोटं जशी सवयीनं फिरतात, तशी तिची बोटं फिरत होती.

गुरुवारी दुपारी त्यानं धीर केला. "समते, संघर्षले फोन लाव बरं."

"कोनाले?"

"संघर्षले."

तिची बोटं थांबली. ती पडद्याकडेच पाहत होती, आणि उत्तर यायला इतका वेळ लागला की बाहेर ठिबकचं पाणी सुटल्याचा आवाज आत ऐकू आला.

"हां. दादाले," ती म्हणाली. "उद्याचं सेव्ह होऊ द्या. मंग लावते."

त्याच्या स्वतःच्या फोनवर तीनचं बटण दाबून धरलं की लेकाला फोन लागायचा. समतानंच तसं करून दिलं होतं. पुंजाजी बाहेर जाऊन पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी उभा राहिला. तीनवर अंगठा ठेवला. रिंग वाजली तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते त्याला जुळेना. अंगठा तसाच थोडा वेळ राहिला, मग त्यानं फोन खिशात टाकला. एका दिवसानं काय होतं, असं त्याला वाटलं.

शुक्रवारी दुपारी समता म्हणाली, "झालं बाबा. आता सेव्ह करते. राह्यल्या तर राह्यल्या."

"थांब जरा," पुंजाजी म्हणाला.

का ते त्याला सांगता आलं नसतं. त्यानं कोनाड्यातून लाल लोकरीची गुंडी काढली, दातानं धागा तोडून तीन तुकडे केले. एक समताला, एक आपल्याला, आणि एक संघर्षला, आला की त्याच्या मनगटावर बांधायला. तिन्ही तुकडे त्यानं तळहातावर ठेवले आणि म्हणाला, "कर."

तिनं सेव्ह केलं.

दोघंही पडद्याकडे पाहत राहिली. नंबर खालपर्यंत सलग होते. कुठेच काही फिकं नव्हतं, कुठेच खाडा नव्हता. तासाभरानं पुण्याहून फोन आला. समता "हो सर, हो सर" म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिनं टेबलावर डोकं टेकवलं. तिला रडायचं होतं, पण तेवढीही ताकद नव्हती.

"नाही जात मी कुठं," ती म्हणाली.

पुंजाजीनं तिचा हात पुढं ओढला आणि मनगटावर लाल धागा बांधला. ती हसली. "मिरची हाये का मी?"

"राहू दे."

तिनं दुसरा तुकडा त्याच्या हातावर बांधला, दोन गाठी मारल्या. मग दोघंही आतल्या खोलीत जेवायला बसली, भिंतीवरच्या तिघांच्या फोटोखाली, आणि किती दिवसांनी भाकर गोड लागली. घर कसं, होतं तेवढं भरलेलं होतं.

जेवण झाल्यावर हात धुताना पुंजाजीची डावी मूठ मिटलेलीच होती. त्यानं ती उघडली.

"हा कोनाचा, बाबा?"

पुंजाजीनं तळहातावरच्या धाग्याकडे पाहिलं. समताच्या मनगटाला धागा होता, त्याच्या होता, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

"जास्तीचा तुटला असंन," तो म्हणाला.

वाया कशाला जाऊ द्यायचा, म्हणून तो गुंडीवर परत गुंडाळायला त्यानं धाग्याचं टोक धरलं आणि सवयीनं बोटानं मापला. तो तुकडा बाकीच्या दोन्हींपेक्षा चांगला दोन बोटं लांब होता, एखाद्या भरलेल्या मनगटाला बरोबर पुरेल एवढा.