तराजूची खीळ

आमचं गाव एका तराजूत राहतं. त्याची साखळी ढगांच्या वर कुठं अडकवली आहे ते कुणी पाहिलेलं नाही. निवडणुकीत ज्या पारड्यात जास्त माणसं भरतात ते वर जातं. आमच्या तराजूची रीतच तशी. दुसरं खाडीत टेकतं आणि तिथली माणसं पुढच्या निवडणुकीपर्यंत घोटाभर पाण्यात संसार करतात.

ज्यांना दोन्ही पारडी नकोत ते मधल्या दांडीवर बसतात. त्यांचं वजन कुठंच धरलं जात नाही, म्हणून ते झिजतं. माझी मुलगी कालिंदी तिथं बसते. अलीकडे तिच्या अंगातून पलीकडचं आभाळ दिसायला लागलं.

"आमच्या पारड्यात ये ना," मी म्हटलं.

"तुमचं पटत नाही, बाबा. त्यांचंही नाही."

"निदान पोटभर जेव तरी."

"जेवते की. अंगी लागत नाही."

यावर उपाय एकच. दांडीच्या मध्यावरची खीळ उपसली की सगळा तराजू जमिनीवर येईल, मग ज्यानं त्यानं हवं तिथं बसावं. पण खिळीपर्यंत हात पोचतो तो फक्त वरच्या पारड्यातून. म्हणून आम्ही पाण्यात उभं राहून शपथ घेतली की वर गेल्यावर पहिलं काम खिळीचं, आणि उपसायला मला निवडलं.

यंदा आम्ही वर गेलो. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. ढगांच्या पाठी दिसत होत्या. समुद्राची कड दिसत होती, ताटाला असते तशी उचललेली. आमच्या पारड्याच्या प्रमुख सुमतीताई वालावलकर पदरानं डोळे पुसत होत्या.

"काढायची तर आहेच," त्या म्हणाल्या. "पण आजच?"

खालून, घोटाभर पाण्यातून, दुसऱ्या पारड्याचे प्रमुख खोत ओरडले, "काढू नका हो! पुढच्या खेपेला आमची पाळी आहे."

मी कुणाचंच ऐकलं नाही. कालिंदीकडे पाहिलं आणि खिळीपाशी गेलो.

खीळ देवळाएवढी होती. जो कुणी ती उपसायला आला, त्यानं आधी रीतीप्रमाणे तिला शेंदूर लावला होता, नारळ फोडला होता, आणि तेवढ्यात त्याचं पारडं खाली गेलं होतं. शेंदराचे थरावर थर चढले होते. आत, पिकल्या पपईच्या रंगात, हात दिसत होते: बांगड्यांचे, घड्याळांचे, सगळे खीळ धरायला निघालेले. मी घाबरायला हवं होतं. मला नमस्कार करावासा वाटला.

सुमतीताईंनी वाटी पुढे केली. "बोटभर लावा. बिनपूजेचा हात लावू नये."

तेवढं करायला काय हरकत, असं मलाही वाटलं. मी लावला. शेंदूर कोमट होता. बोट आत गेलं, मग मनगट. आतल्या कुणीतरी माझा हात आपुलकीनं हातात घेतला.

तेवढ्यात पुढची निवडणूक झाली आणि आमचं पारडं खाली निघालं. माझा हात वरच राहिला आणि लांबत गेला, पारड्याबरोबर, ढगांखालून, खाडीपर्यंत. दुखत नव्हतं. खोतांचं पारडं बाजूनं वर गेलं तेव्हा त्यांच्या हातात शेंदराची वाटी होती.

दांडीवरून कालिंदी उठली आणि माझ्या त्या लांब हातावर उतरली. एकेक पाऊल टाकत ती माझ्याकडे येत होती. कोपरापर्यंत आली, खांद्यापर्यंत आली. मी डोळे मिटून तिच्या पावलाचं ओझं जाणवायची वाट पाहत होतो.

"बाबा," ती अगदी कानाशी म्हणाली, "मी उभी आहे ना?"