कासं की स्फटिक

मी एक जुना वाडगा आहे, पण माझ्यातून कधी कुणी आमटी प्यालेलं नाही. मित्रांनो, मी काशाचा आहे आणि माझं काम वाजायचं. लाकडी दांड्यानं हलकेच टोला दिला की मी बोलतो, आणि दांडा काठावरून गोल फिरवला की गुणगुणतो. सध्या मी धाराशिवला, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत फळीवर असतो. माझ्या शेजारी दुधी रंगाचा, घमेल्याएवढा एक स्फटिकाचा वाडगा आहे. आम्हा दोघांत चांगला कोण, यावर या खोलीत पुष्कळ बोलणं झालं. ते चाललं होतं तेव्हा एक बाई समोरच्या गादीवर निजलेली होती. तिचीच गोष्ट मला सांगायची आहे. पण आधी मी इथं कसा आलो ते ऐका.

माझा जन्म नेपाळातल्या पाटण शहरात झाला. तांबं आणि कथील एकत्र वितळवून कारागिरांनी माझी जाड चकती ओतली. मग ती भट्टीत लालबुंद करायची, बाहेर काढायची आणि सगळ्यांनी भोवती बसून पाळीपाळीनं घण घालायचे. एकाचा घण वर गेला की दुसऱ्याचा खाली यायचा. त्या घावांच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत, देवीच्या व्रणांसारख्या. मार खाऊन खाऊनच मला आवाज आला.

तेरचे मच्छिंद्रराव एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. पत्नी जाईबाईंना घेऊन ते धम्मयात्रेला आले होते. लुंबिनीहून त्यांची गाडी पुढं काठमांडूकडं गेली, तेव्हा एका दुकानदारानं मला त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि टोला दिला. गाड्यांच्या आवाजात उभा जन्म काढलेला तो माणूस डोळे मिटून उभा राहिला. जाईबाई मात्र म्हणाल्या, "भांडं चांगलं हाय, पण ह्यात शिजवायचं काय?"

तेरला माझे दिवस सुखाचे गेले. रविवारी मला विहारात नेत आणि वंदनेआधी वाजवत. जाईबाई चिंच लावून मला घासत. त्यांची मुलगी श्रावस्ती तेव्हा लहान होती. ओसरीवर उताणी पडून ती मला पोटावर ठेवी, टोला मारी आणि गुदगुल्या झाल्यासारखी हसत सुटे. माझी थरथर अंगात कशी उतरते, हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं.

मोठेपणी श्रावस्तीनं योगशिक्षणाचा कोर्स केला आणि धाराशिवला ही खोली भाड्यानं घेतली. सकाळी योगाचे वर्ग असत. दुपारी ज्यांना झोप लागत नाही, ज्यांचं डोकं सारखं भणभणतं, असे लोक येत. वकील येत, कचेरीतले कारकून येत, शाळेतल्या बाई येत. श्रावस्ती त्यांना गादीवर निजवी, मला कधी पाठीवर तर कधी पोटावर ठेवी आणि संथपणे वाजवी. थोड्या वेळानं माणूस घोरू लागे. मित्रांनो, एवढंच मला येतं. थकलेल्या माणसाला मी घटकाभर निजवू शकतो. त्यात काही खोटं नव्हतं.

याच सुमारास महेश्वरी येऊ लागली. ती मूळची अणदूरची. नवरा धनाजी गावाकडं शेती बघे, आणि मुलगी मोनिका हिच्या कॉलेजसाठी महेश्वरी धाराशिवला खोली घेऊन राहिली होती. ब्लाउज शिवण्यात तिचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. दिवसभर मशीनवर वाकून बसल्यानं पाठ धरते, पोट फुगल्यासारखं होतं, जेवण जात नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. श्रावस्तीनं तिला निजवलं आणि मला तिच्या पोटावर ठेवलं. उठली तेव्हा महेश्वरीचा चेहरा उजळला होता. कितीतरी दिवसांनी दुखायचं थांबलं, असं ती म्हणाली.

डॉक्टरांना दाखवलं का, हे श्रावस्तीनं तिला विचारलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ते खरं आहे. महेश्वरी म्हणाली की गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्यात आणि सोनोग्राफी करून या म्हणालेत. पण आता लग्नसराई आहे, कपडे अंगावर पडलेत, जरा मोकळी झाले की करीन. मग थोडं थांबून तिनं खरं कारण सांगितलं. तिची थोरली बहीण पोटाच्या ऑपरेशनला म्हणून गेली आणि घरी आलीच नाही. दवाखान्याची पायरी पाहिली की महेश्वरी मागं फिरे. श्रावस्तीनं मान हलवली. त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही.

त्याच दिवसांत श्रावस्ती पुण्याला एका शिबिराला जाऊन आली. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की धातूच्या वाडग्यात अनेक आवाज मिसळलेले असतात, स्फटिकाचा सूर एकच आणि शुद्ध असतो, आणि शरीराच्या प्रत्येक भागासाठी एकेक सूर ठरलेला आहे. श्रावस्ती परतली ती स्पंज लावलेलं मोठं खोकं घेऊन. त्यातून हा दुधी वाडगा निघाला. तो रबराच्या कड्यावर बसवावा लागतो आणि धक्का लागला की तडकतो, म्हणून त्याला अंगावर ठेवता येत नाही. पण तो वाजला तेव्हा सबंध खोली भरून गेली. ताणलेल्या तारेसारखा सरळ आवाज होता, कुठं खोच नाही. मला हेवा वाटला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल.

मग वाद सुरू झाला. मोबाईलवर व्हिडिओ बघणाऱ्यांना स्फटिकच हवा असे. जुनी माणसं म्हणत, काशाचं अंगाला लागतं, ते बरं. मच्छिंद्रराव तेरहून आले की माझी बाजू घेत आणि मग स्वतःच हसत, कारण त्यांना एका कानानं नीट ऐकूही येत नव्हतं. श्रावस्ती दोन्ही वाजवून बघे, डोळे मिटून ऐके, पुन्हा वाजवी. कुठला निवडावा, हे तिचं ठरत नव्हतं.

ते ठरलं महेश्वरीमुळं.

एके दुपारी मला तिच्या पोटावर ठेवलं तर मी एका बाजूला कललो. श्रावस्तीनं मला उचलून पुन्हा नीट ठेवलं. मी पुन्हा कललो. आधी सपाट असलेलं ते पोट डावीकडून वर आलं होतं. श्रावस्तीनं तिथं बघितलं, मग हातरुमालाची घडी करून माझ्याखाली सारली आणि मला सरळ केलं. महेश्वरी छताकडं बघत होती. श्रावस्तीनं दांडा उचलला.

पुढच्या खेपेला घडी जाड लागली. त्याच्या पुढच्या खेपेला मी पोटावर राहीचना. श्रावस्तीनं शिबिरातल्या बाईंना फोन लावला. बाईंनी तिकडून सांगितलं की अशा वेळी धातू नकोच, पोटासाठी स्फटिकाचाच सूर लागतो, तो नेमानं द्या. श्रावस्तीच्या चेहऱ्यावरची काळजी सरली. एवढे दिवस अडलेला निर्णय एका फोनवर झाला. त्या दिवसापासून मला दारापाशी स्टुलावर ठेवलं. येणारे लोक माझ्यात गाडीच्या किल्ल्या टाकू लागले.

मित्रांनो, मला वाईट वाटलं ते किल्ल्यांचं नाही. स्फटिक दूर ठेवून वाजवायचा असतो. त्यामुळं आता महेश्वरीच्या पोटावर काही ठेवायची गरजच उरली नाही. ती शाल पांघरून निजे, सूर खोलीभर फिरे, आणि शालीखाली काय वाढतंय हे बघायचं कुणालाच कारण उरलं नाही. उठल्यावर ती म्हणे, "बरं वाटतंय मॅडम." आणि तिला खरंच बरं वाटत असे. तेच तर घातक होतं. बरं वाटत राहिलं, म्हणून सोनोग्राफी लग्नसराईतून नागपंचमीवर आणि तिथून दिवाळीवर गेली.

दिवाळीनंतर ती आलीच नाही. तिची शाल खोलीत खुंटीवर तशीच राहिली.

पुढं एका सकाळी धनाजी जिना चढून वर आले. दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं की महेश्वरी मशीनवरच पडली, सोलापूरला नेलं, पोटात गाठ होती आणि ती आता सगळीकडं पसरलीय. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात, घरी न्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "तिला तुमची लई सय येती," ते म्हणाले. "ते काशाचं घिऊन या म्हणती."

श्रावस्तीनं माझ्यातल्या किल्ल्या टेबलावर ओतल्या. तिनं वडलांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी बापलेक एसटीनं अणदूरला निघाले. सबंध वाटेत ती मांडीवरच्या पिशवीत मला घट्ट धरून होती. मध्येच ती म्हणाली की मी डॉक्टर नाही बाबा, मला काय कळणार होतं. तुझी काही चूक नाही, असं मच्छिंद्रराव म्हणतील असं मला वाटलं. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त तिच्या हातातली पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

महेश्वरी पुढच्या खोलीत खाटेवर होती. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या आणि पोट तेवढं टम्म फुगलेलं होतं. मोनिका उशाशी वारा घालत बसली होती. श्रावस्तीनं मला पिशवीतून काढलं, तशी महेश्वरी म्हणाली, "पोटावर नगा ठिवू. सोसत न्हाय आता. पायाशी वाजवा."

श्रावस्तीनं मला तिच्या तळपायांना टेकवलं आणि हलका टोला दिला. मी आयुष्यात इतका जपून कधी वाजलो नाही. धनाजी बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. मोनिका पाणी आणायला आत गेली, तेव्हा महेश्वरी हळूच बोलली.

"हे कलत हुतं मॅडम. मला कळत हुतं तवाच. मी गप बसले."

श्रावस्तीच्या हातातला दांडा थांबला. "मला पण दिसत होतं ताई," ती म्हणाली. "मी रुमाल घातला खाली."

महेश्वरी तिच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात माफी होती का, ते मला सांगता येणार नाही. मग तिनं डोळे मिटले. "वाजवा," ती म्हणाली.

त्या आठवड्यातच ती गेली.

श्रावस्तीनं खोली बंद ठेवली. झाडायला तेवढी ती येई आणि आम्हा दोघांसमोर भिंतीला टेकून बसे. आम्हाला ती हात लावत नसे. पुण्याच्या बाईंचा फोन आला तेव्हा तिनं घडलेलं सांगितलं. बाई म्हणाल्या की त्या पेशंटची श्रद्धा कमी पडली असेल. श्रावस्तीनं फोन ठेवला आणि तो नंबर काढून टाकला. एकदा तिनं स्फटिकाला खोक्यात भरून जिन्यापर्यंत नेलं, पण परत आणून फळीवर ठेवलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला वाजव म्हणाले, तो वाजला.

मग एक दिवस मोनिका आली, आईची शाल न्यायला. श्रावस्तीनं ती धुऊन, घडी करून ठेवली होती. शाल छातीशी धरून मोनिका दारात थांबली.

"आईला तुमी दवाखान्यात जा म्हणला होता का?" तिनं विचारलं.

"दाखवलं का, एवढं एकदा विचारलं होतं," श्रावस्ती म्हणाली. "परत नाही विचारलं."

श्रावस्ती आणखी काही सांगू शकली असती. बहिणीचं ऑपरेशन होतं, महेश्वरीची भीती होती, तो फोन होता. तिनं त्यातलं काही पुढं केलं नाही. मोनिका जिना उतरून गेली. त्यानंतर ती कधी आली नाही. रस्त्यात दिसली तर बाजूला वळते.

आता खोली पुन्हा उघडली आहे. येणारे लोक कमी झालेत, कारण इथं आल्याआल्या निजायला मिळत नाही. श्रावस्ती आधी विचारते, कुठं दुखतं, कधीपासून, कुणाला दाखवलं. दाखवलं नसेल तर वाजवत नाही. एखादी बाई भीती वाटते म्हणाली तर ती खोलीला कुलूप लावते आणि त्या बाईबरोबर सरकारी दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभी राहते. पुष्कळजणींच्या तपासणीत काही निघत नाही. त्या बायका तिला हसतात, उगीच भिववलं म्हणून चिडतात, आणि काही पुन्हा येत नाहीत. तिला त्याचं काही वाटत नाही. तिची स्वतःची झोप मात्र उडाली आहे, आणि स्वतःसाठी ती आम्हा दोघांपैकी कुणालाच वाजवत नाही.

मित्रांनो, मला जपायला फार काही लागत नाही. पाडू नका, विस्तवावर ठेवू नका, कधीमधी चिंच लावा, पुरे. स्फटिकाला धक्का लागू देऊ नका. आम्ही दोघं अजून पुष्कळ दिवस वाजू. पण आमच्याहून आधी जपायचं असतं ते समोर निजलेलं माणूस. घरातलं कुणी दुखणं सांगून वर 'आता बरं वाटतंय' म्हणालं की आपण हुश्श करतो आणि पुढचं विचारत नाही. तुम्ही विचारा. ते टाळतील, पुन्हा विचारा. चिडतील, चिडू द्या. हात धरून घेऊन जा. कासं बरं की स्फटिक बरं, हे ठरवायला तुमच्यापाशी सारं आयुष्य पडलं आहे. महेश्वरीपाशी ते नव्हतं.