फ्रेंच जहाज आणि संत्र्याची बाग

अमरावतीच्या व्याख्यानातून देवीदास सरांना काय काय मिळणार होतं? शाल, श्रीफळ, पेपरात फोटो आणि अकोल्याच्या जठारपेठेतल्या शेजाऱ्यांचा जळफळाट. बायकोला, वच्छलाबाईंना, एकच गोष्ट मिळायची होती: तिथूनच चांदूर बाजारला जाऊन, कोर्टकचेरीत नातं तुटलेल्या आजारी भावाची भेट.

आदल्या संध्याकाळी सरांनी बायकोपुढे तालीम केली.

"सेलेस्त! फ्रेंचांची देखणी युद्धनौका. लढाईत इंग्रजांनी धरली. निशाण बदललं, नाव बदललं..."

"तांदळात लिहून?" वच्छलाबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं.

सर हसले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'वच्छला' त्यांनीच लिहिलं होतं. माहेरी ती मैना.

"मंग?"

"मग काय, पुढच्याच लढाईत तिनं फ्रेंच जहाजांवर तोफा डागल्या."

"अन् शेवटी?"

"जुनी झाल्यावर डोलकाठ्या उतरवून तिच्यात कैदी कोंडले. मग मोडीत काढली."

"तिले कोनी इचारलं नसन," म्हणत वच्छलाबाई मेथी घेऊन उठल्या. वाक्य झकास होतं. सरांनी ते भाषणात घालायचं ठरवलं.

त्या वाक्याला टाळ्याही पडल्या. चांदूर बाजारला पोचेपर्यंत सरांनी अंगावरची शाल काढली नाही.

वच्छलाबाईंचा भाऊ सहदेव खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. "कोन आलं?"

"मी, वच्छला."

"आमच्या घरी वच्छला कोनी नव्हती."

सर पुढे झाले. "भाऊ, मैना आहे."

"मैना?" सहदेव खोकला. "तिले मी कोर्टात पायली. 'दादानं मायचा हात धरून कागदावर अंगठा उमटवला, म्या डोयानं पायलं,' म्हणे. त्या दिवशी ते अकोल्यात होती, जवाईबापू. तुमच्याच घरी."

ते वाक्य सरांनीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. त्याचीही तालीम झाली होती, त्याच स्वयंपाकघरात. त्यातूनच सहदेवची संत्र्याची अर्धी बाग तिच्या वाट्याला आली होती.

वच्छलाबाई नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. 'मी शिकवलं तिला,' एवढंच तर तासभर न अडखळता बोललेल्या सरांनी म्हणायचं होतं. तेवढ्यात चहा आला.

"चहा फक्कड झालाय," सर म्हणाले.

वच्छलाबाईंनी कप खाली ठेवला आणि पदर सावरून उठल्या. सहदेव वळला नाही.

शाल, श्रीफळ, फोटो सरांचे. अर्धी बागही सरांकडेच. सहदेवची तेवढी जमीन गेली. बाकी सगळी किंमत मैनेनं मोजली.